आबांचा अंगठा

"ओरड! तोंड दाबून धरू नको. ओरडलीस की सुटतंय."

आबांचा अंगठा माझ्या डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली रुतला होता. मी घोंगड्यावर पालथी पडलेली. दातांत पदर आणि डोळ्यांतून नुसतं पाणी.

"आबा, बास."

"दुखतंय नव्हं? दुखतंय म्हंजे निघतंय."

"निघत न्हाई. आत जातंय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

माझ्या अंगातलं मला काय कळतं, हे त्या वर्षात सगळ्यांनी विचारून झालं होतं. सासूनं विचारलं, नवऱ्यानं विचारलं, गावच्या डॉक्टरनं विचारलं. आता बाप विचारत होता. बापाच्या हाताला एरंडेलाचा वास होता आणि बाप पोटच्या मायेनं मला तिंबत होता.

आबा आमच्या गावच्या तालमीचे वस्ताद. त्यांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. लचक भरलेला, उसण भरलेला, पाठ धरलेला माणूस लोक खाटेवर घालून आमच्या दारात आणायचे आणि तो आपल्या पायांनी परत जायचा, हे मी लहानपणापासून बघितलंय. आजूबाजूच्या खेड्यांत त्यांच्या अंगठ्याचं नाव होतं. आणि त्याच अंगठ्याला स्वतःची लेक दाद देत नव्हती. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. रोज सकाळी तालमीतनं आले की माझी पाळी.

"रविवारपातूर तुला उभी करतो बघ," ते म्हणाले आणि अंगठा पुन्हा रुतवला.

रविवारी सासरची माणसं यायची होती. बैठक होती. पोरगी नांदायला पाठवा, नाहीतर एकदाचं मोकळं करा, असा त्यांचा निरोप होता.

माझं नाव शालन. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दुसऱ्या वर्षी अंग दुखायला लागलं. कसं दुखायचं ते सांगते, कारण तेव्हा कुणी नीट ऐकलं नाही. सकाळी उठायचं तेच रात्रभर कुणीतरी काठीनं बडवल्यासारखं. आज मान, उद्या कंबर, परवा दोन्ही हातांची मनगटं. झोप लागायची, पण झोपून उठल्यासारखं कधी वाटायचं नाही. डोकं धुरकट. चुलीवर आमटी ठेवून मी अंगणात उभी राहायचे आणि कशाला बाहेर आले तेच आठवायचं नाही. रक्त तपासलं, फोटो काढले. सगळं नॉर्मल. 'नॉर्मल' या शब्दाइतका वंगाळ शब्द मी आयुष्यात ऐकला नाही. तो कागद सासूनं घरोघर दाखवला. "बघा, कायसुदीक न्हाई. नुसता कामाचा कंटाळा."

शेवटी आई मला माहेरी घेऊन आली आणि कोल्हापूरच्या एका डॉक्टरकडं नेलं. त्यांनी जागोजाग दाबून बघितलं, तासभर विचारलं आणि सांगितलं, "याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. तुम्ही खोटं बोलत नाही." मी तिथं खुर्चीवर बसून रडले. आजाराचं नाव ऐकून आनंदानं रडणारी मी एकटीच असेन. त्यांनी थोडी औषधं दिली आणि गडहिंग्लजला एका फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडं जायला सांगितलं.

त्या तस्लीम मॅडम. वयानं माझ्याएवढ्याच. गुरुवारी मी त्यांच्याकडं गेले, पाठीवर शेक द्यायला त्यांनी पोलकं वर केलं आणि हात थांबला.

"शालनताई, हे निळं काय आहे? नवरा मारतो?"

"न्हाई. बाप चोळतो."

"कुठे आहेत ते?"

"भाईर बाकावर."

मॅडम तरातरा बाहेर गेल्या आणि आबांना आत घेऊन आल्या. एवढा सहा फुटी माणूस, डोक्याला फेटा, कान चुरगळलेले. त्या खोलीत रबरी चेंडू आणि रंगीत पट्टे बघून ते बावरले.

"वस्ताद, हे बंद करायचं," मॅडम म्हणाल्या. "आजपासून."

"बाई, मी तुमच्या जन्माआधीपासनं माणसं चोळतोय."

"लचक भरलेली. ही लचक नाही. हिचं हाड सरकलेलं नाही, शिरेवर शीर चढलेली नाही. काही निघायचंच नाही, मग काढताय काय?"

"मग दुखतंय कशानं?"

मॅडमनी उलटं विचारलं, "तुमच्याकडं कुत्रं आहे?"

"हाय की. दोन हाईत."

"राखणीचं कुत्रं चोर आला की भुंकतं. बरोबर? समजा एखादं कुत्रं बिथरलं. पान पडलं तरी भुंकतं, वारा आला तरी भुंकतं, घरचं माणूस आलं तरी भुंकतं. रात्रंदिवस. हिच्या नसांचं तसं झालंय. चोर नाही, पण भुंकणं खरं आहे. ते हिला खरंच ऐकू येतं."

आबांनी माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदा नीट बघितलं, असं मला वाटलं.

"आणि तुम्ही रोज त्या कुत्र्याला काठीनं हाणताय," मॅडम म्हणाल्या. "ते गप बसेल का आणखी भुंकेल?"

"मग करायचं काय?"

"सवय लावायची. रोज थोडं चालणं, थोडं ताणणं, गरम शेक, वेळेवर झोप. रोज तेवढंच. वाईट दिवस असला तरी अगदी पडून राहायचं नाही. आणि चांगला दिवस आला तर जास्त करायचं नाही. हे दुसरं अवघड आहे, वस्ताद. चांगल्या दिवशीच ही पोरगी सगळी कामं ओढते आणि पुढं आठवडाभर आडवी होते."

"किती दिवसांत बरी व्हईल?"

"वर्ष धरून चला. पूर्ण जाईलच असं सांगत नाही. पण संसार करता येईल, एवढं नक्की."

मला तेवढंच पाहिजे होतं. मला नांदायचं होतं. विलास, माझा नवरा, वाईट नव्हता. आईपुढं तोंड उघडत नव्हता, एवढंच. मला एक वर्ष माहेरी राहून हे सगळं करायचं होतं आणि मग माझ्या घरी जायचं होतं. बैठकीत कुणीतरी उभं राहून एवढंच सांगायला हवं होतं, की पोरीला आजार आहे, आजाराला नाव आहे, एक वर्ष द्या. बैठकीत लेकीसुना बोलत नाहीत. बोलणार आबा.

परतीच्या एसटीत मी त्यांना विचारलं, "आबा, रविवारी हे सगळं सांगशीला नव्हं?"

"सांगतो."

"कुत्र्याचंबी सांगा. समजंल त्यास्नी."

"सांगतो म्हटलं नव्हं," ते म्हणाले आणि घरापर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले. पण त्या दिवसापासून अंगठा लागला नाही. दोन सकाळी मी आईबरोबर वेशीपर्यंत चालून आले.

आणि रविवारी सकाळी मी उठले तर अंग हलकं.

ज्याला हा आजार आहे त्यालाच कळेल हे. महिनोन् महिने ओलं घोंगडं पांघरून फिरावं आणि एके दिवशी ते कुणीतरी काढून घ्यावं, तसं. मी अंगण झाडलं. केस विंचरताना हात वर गेले ते दुखलेच नाहीत. आबा दातवण करत ओट्यावर बसले होते.

"आज कसं हाय पोरी?"

"आबा, आज बरं वाटतंय. एकदम बरं."

हे वाक्य मी बोलायला नको होतं, असं मला आजही वाटतं. पण बरं वाटलं तर माणूस बरं वाटतंय म्हणणार नाही तर काय म्हणणार?

आबांचा चेहरा उजळला. ते उठले आणि भाकरी करायला बोलावलेल्या शेजारच्या बायकांना दारातूनच माघारी पाठवलं. "आज आमची शालन करणार सगळं."

आई चुलीपुढनं उठली. "अवो, खुळं का काय? ती बाई काय म्हणाली? चांगल्या दिवशी जास्त करायचं न्हाई."

"एक दिवस करंल. मरत न्हाई."

आणि मी केलं. कुणी बळजबरी केली नाही. चांगल्या दिवशी माणसात आल्यासारखं वाटतं. हात चालतात तर चालवावेसे वाटतात. मी मटणाचं वाटण पाट्यावर वाटलं. पंधरा माणसांच्या भाकरी थापल्या, एकेक फुगलेली, टोपल्यात रचली. मला त्या टोपल्याचा अभिमान वाटला.

पाव्हणे आले. सासरे, सासू, विलास, आणि त्यांच्याकडचे बोलणारे म्हणून विलासचे चुलते दौलतराव. आमच्याकडनं पोलीस पाटील आणि भावकीतली माणसं. पानसुपारी चालली होती, तेवढ्यात आबा आत आले आणि हळूच म्हणाले, "दोन घागरी घे. टाकीवरनं पाणी आण."

"पाणी हाय की भरल्यालं."

"आण म्हंतो ना. पुढच्या दारानं जा, पुढच्याच दारानं ये."

मला कळलं. कुस्तीच्या आधी पैलवान आखाड्यात गोल फिरतो, दंड ठोकतो, अंग दाखवतो. आबा मला फिरवत होते. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक, मी बैठकीच्या समोरून गेले आणि आले. सगळी बघत होती. आबा मिशीवर हात फिरवत बसले होते.

जेवणं झाली. दौलतरावांनी तिसरी भाकरी मोडून खाल्ली, हात धुतले, ढेकर दिला आणि म्हणाले, "वस्ताद, जेवण झकास झालं. कुणी केलं?"

"पोरीनं. एकटीनं."

"मग अडलंय कुठं? पोरगी तर खणखणीत हाय."

सासू लगेच सरसावली. "बघा की! आमच्याकडं कपबशी उचलायची म्हटलं तर मनगट दुखतंय. हितं दोन-दोन घागरी! आमच्याच घरात हिला रोग येतोय व्हय?"

मी आतल्या दाराशी उभी. आबांकडं बघत. आता सांगतील. आता म्हणतील की आज तिचा चांगला दिवस आहे, उद्या ती उठणार नाही.

पोलीस पाटील म्हणाले, "वस्ताद, काय आजारबिजार हाय का? असला तर सांगून टाका. लपवाछपवी नको."

आबांनी घसा साफ केला. फेटा नीट केला.

"माझ्या पोरीला काय बी झाल्यालं न्हाई," ते म्हणाले.

मी बाहेर आले. बैठकीत. आईनं मागनं पदर ओढला, तो मी सोडवून घेतला.

"हाय मला आजार," मी म्हणाले. "फायब्रोमायल्जिया म्हंत्यात त्याला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय. मला एक वर्ष द्या. मग नांदायला येते."

"फाय काय?" दौलतराव.

"फायब्रोमायल्जिया."

"रिपोर्टात आलाय?"

"रिपोर्टात येत न्हाई तो."

हशा पिकला. विलाससुद्धा खाली मान घालून हसला. ज्या तोंडांनी हसत होते त्या तोंडांत अजून माझ्या भाकरीची चव होती. माझ्या आजाराविरुद्धचा पुरावा मीच थापला होता, मीच भाजला होता आणि मीच वाढला होता.

"शालन, आत जा," आबा म्हणाले. माझ्याकडं न बघता.

त्याच दुपारी मला जीपमध्ये बसवलं. सामान म्हणजे एक पिशवी. आई भिंतीला टेकून रडत होती. आबा जीपपाशी आले, खिडकीतून वाकले आणि माझ्या कानात म्हणाले, "दुखरी जागा समोरच्याला दावायची नसती, पोरी. तितंच धरत्यात."

मी तोंड फिरवलं. आपली लेक दुबळी आहे हे चारचौघांत सांगायची याला लाज वाटली, आणि आता वर शहाणपण शिकवतोय, एवढंच माझ्या डोक्यात. निघताना मी त्यांच्या पाया पडले नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांना माहीत असतं तसंच झालं. दुसऱ्या दिवशी मला उठवेना. फणी धरवेना. "आमच्या दारात पाय ठेवला की लगीच सोंग," सासू म्हणाली. मी व्यायामाला भिंतीपाशी उभी राहिले तर जाऊबाई हसायच्या. सकाळी चालायला निघाले तर सासऱ्यांनी विचारलं, कुणाला भेटायला जातीस? मी जिद्दीनं कामं ओढली, पडले, पुन्हा ओढली. दिवाळीच्या आधी विलासनं मला आमच्या वेशीत आणून सोडलं. घरापर्यंतसुद्धा आला नाही.

मी ओटा चढू शकले नाही. आबांनी मला लहान पोरासारखं उचललं. आठवड्यानं स्वतःच मला गडहिंग्लजला घेऊन गेले आणि मॅडमपुढं दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"बाई, दाबायचं न्हाई, तर मग ह्या हातांनी करायचं काय?"

मॅडमनी त्यांचा हात धरला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. "नुसता ठेवा. वजन द्यायचं नाही."

मोठमोठे गडी चीत करणारा तो हात. वजन न देता ठेवायला त्यांना घाम फुटला. "असा?" "अजून हलका." "असा?" "हां. आता हिला श्वास घ्यायला सांगा आणि तुम्हीपण घ्या."

त्यानंतर रोज सकाळी आबा तालीम पोरांवर सोपवून माझ्याबरोबर चालायला यायचे. ओढ्याकडच्या वाटेवर एक चिंच आहे. तिथपर्यंत जायचं आणि माघारी फिरायचं. पाऊस असो, ताप असो. अंग दुखून मी रडत असले तरी चिंच. मग घरी येऊन शेक, ताणायचे प्रकार, दुपारी जरा पडायचं. हळूहळू ते कुत्रं ओळखायला लागलं. भुंकायचं, पण आता रात्रभर नाही.

उन्हाळ्यात दुसरी बैठक झाली. फारकतीची. यावेळी आम्ही त्यांच्या गावी गेलो. तीच माणसं, तेच दौलतराव. मी ठरवून गेले होते की एक शब्द बोलायचा नाही. सही करायची आणि यायचं.

दौलतराव सुरुवात करणार, तेवढ्यात आबा उभे राहिले. फेटा काढून हातात घेतला. मी बापाला चारचौघांत बोडक्या डोक्यानं पहिल्यांदा बघितलं.

"सही करायच्या आधी मला बोलायचं हाय," ते म्हणाले. "माझ्या पोरीला आजार हाय. तवाबी हुता. मला म्हायती हुता. मी लपवला."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. बिथरलेलं कुत्रं सांगितलं. चांगला दिवस आणि वाईट दिवस सांगितला. तो शब्द त्यांना उच्चारता येत नव्हता, तो अडखळत, तोडून तोडून सांगितला. "घागरी मी आणाय लावल्या. भाकरी मी कराय लावल्या. मला वाटलं, तुमी समोरची पार्टी. समोरच्या पैलवानाला आपला मोडका गुडघा कोण दावतंय? मी माझ्या पोरीचा गुडघा झाकला. तुमी समोरचं नव्हता. तुमी पाव्हणं हुता. ही माझी चूक हाय, पोरीची न्हाई."

कुणी हसलं नाही. सासूनं पदर तोंडाला लावला. खरा की खोटा, देव जाणे.

दौलतरावांनी सुपारी कातरली. मग म्हणाले, "वस्ताद, हे तवाच सांगायचं हुतं की. एक वर्षाचं काय एवढं? दिलं असतं."

मी विलासकडं बघितलं. तो म्हणाला, "मी थांबलो असतो." म्हणाला माझ्याकडं बघून, पण आवाज असा की मागच्या ओळीला ऐकू जावा. त्याची दुसरीकडं सोयरीक ठरली होती, हे बैठकीत सगळ्यांना ठाऊक होतं.

थांबला असता का? वीस वर्षं मी हा प्रश्न चघळतेय. कधी वाटतं, थापा होत्या, मी तिथंच उभी राहून सांगितलं तेव्हा हसलाच होता की. बाईनं सांगितलं तर सोंग आणि बापानं सांगितलं तर आजार, ही त्यांची रीत. कधी वाटतं, खरंच थांबला असता. माझं घर असतं. यातलं कुठलं खरं, ते मला कधीच कळणार नाही, आणि माझं अंग दुखत नाही इतकं ते दुखतं.

मी सही केली. येताना एसटीत आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. वजन नव्हतं. मी तो काढला नाही, पण खिडकीबाहेरच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चालायला निघालो. मला आश्चर्य वाटलं, पण अंग हलकं होतं. पार मोकळं. बहुतेक सगळं संपलं म्हणून. चिंच आली तरी माझे पाय थांबेनात. पुढं ओढा होता, ओढ्यापलीकडं डोंगराचा रस्ता, सकाळचं ऊन. मला चालत सुटावंसं वाटलं. कुठंतरी लांब. सासर नाही, माहेर नाही, तिथपर्यंत.

आबा वाटेत आडवे उभे राहिले. "बास. माघारी."

"आबा, आज जाऊ द्या की. आज बरं वाटतंय. एकदम बरं."

आबांनी माझ्याकडं बघितलं आणि एकदम चिंचेखालच्या दगडावर बसले. एवढा मोठा माणूस खांदे पाडून बसला.

"त्या रविवारी बी हेच म्हणाली हुतीस," ते म्हणाले.

ओढ्याचं पाणी वाहत होतं. मी ओढ्यापलीकडच्या रस्त्याकडं एकदा बघितलं. मग त्यांच्या शेजारी जाऊन हात पुढं केला. त्यांना उठताना गुडघा दुखला, ते "आई गं" म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले. झाकलं नाही.

आणि आम्ही दोघं तिथूनच माघारी फिरलो.